जुना कॉम्प्युटर सुरूच होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या गुरुजींचा फोन आला. "अरे, सीपीयू चालू होतो, पंखा फिरतो, पण समोर काहीच दिसत नाही. एकाला दाखवला. तो म्हणतो मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या." निवृत्तीनंतर गुरुजींनी त्या मशीनवर देवस्थानचा जमाखर्च, पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या ओव्या, भजनं असं बरंच काही आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवलंय. त्यांना मशीनपेक्षा त्याची काळजी होती.

मी गेलो, वायर काढली, कॅबिनेट जमिनीवर आडवं ठेवलं आणि बाजूचा पत्रा काढून रॅमची, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी बाहेर घेतली. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर करडा, मळकट थर चढला होता. कोकणातल्या दमट हवेत हे नेहमीचंच. गुरुजींच्याच कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेतलं, पट्टी दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासली, कण झटकले आणि परत बसवली. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक' करून लागल्या. बटण दाबलं, एक छोटासा बीप वाजला आणि पडदा उजळला. मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य बोर्डाला, काहीही झालेलं नव्हतं.

अशी किती मशीन भंगारात गेली असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. म्हणून ज्यांनी आजवर कॅबिनेटचा पत्रा कधी उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर ठेवलीत ती साधारण २००८ ते २०१४ या काळात असेम्बल करून घेतलेली मशीन: आत इंटेलच्या जी३१, जी४१ किंवा एच६१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) बोर्ड, दोन किंवा चार जीबी रॅम आणि साटा, म्हणजे पातळ केबलने जोडलेली, हार्ड डिस्क. ब्रँडेड मशीनलाही यातलं बहुतेक लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगेन.

आधी क्रम समजून घ्या

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत आत ठरलेल्या क्रमाने कामं होतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, येते. एसएमपीएस तिच्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करतो. सगळं ठीक आहे असा इशारा त्याने बोर्डाला दिला की प्रोसेसर जागा होतो. प्रोसेसर बोर्डावरच्या बायोस चिपमधला कार्यक्रम वाचायला लागतो. बायोस रॅम तपासतो, मग डिस्प्ले, मग कीबोर्ड आणि हार्ड डिस्क. शेवटी तो हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हाक मारतो.

यातली एक पायरी चुकली की पुढचं सगळं थांबतं. त्यामुळे काय बिघडलं याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा मशीन कुठपर्यंत गेलं ते बघा. पंखा फिरत असेल तर भिंतीतल्या प्लगवर वेळ घालवायचा नाही. विंडोजचं चिन्ह दिसून अडत असेल तर मॉनिटरची केबल बदलून उपयोग नाही. आणि विंडोज फॉरमॅट करायचा सल्ला कुणी 'डिस्प्लेच येत नाही' या तक्रारीवर दिला, तर त्याच्या हातात मशीन देऊ नका. डिस्प्ले यायच्या आधी हार्ड डिस्कला कुणी विचारतसुद्धा नाही.

दुसरी सवय म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बटण दाबून बघायचं. रॅम, सेल, केबल सगळं एकदम हलवलं आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि आठवड्याने तो परत येतो. काही काढायच्या आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. बारीक वायरी कुठे होत्या हे नंतर कुणालाच आठवत नाही.

हत्यारं आणि जपायच्या गोष्टी

चौफुली टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, मऊ पांढरं खोडरबर, रंगकामाचा कोरडा ब्रश, टॉर्च. जमलं तर साधा डिजिटल मल्टिमीटर आणि बोर्डावर लावायचा छोटा बझर. बझर अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि पुढे किती उपयोगी पडतो ते दिसेलच.

कॅबिनेट उघडायच्या आधी पॉवर केबल मागून काढायची, नुसता स्विच बंद करून भागवायचं नाही. केबल काढल्यावर समोरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेला विद्युतभार निघून जातो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या, न रंगवलेल्या धातूला हात लावा. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरते.

एसएमपीएसचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो. इतर बाबतीत मी 'करून बघा' म्हणतो, इथे नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती अर्थिंगची तक्रार आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टर कपॅसिटर थोडासा करंट अर्थकडे सोडतात. घरात अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा जुगाड केला असेल, तर तो करंट पत्र्यावर येऊन बसतो. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बाकीची दुरुस्ती त्यानंतर.

बटण दाबलं, काहीच होत नाही

ना दिवा, ना पंखा, ना आवाज. इथे घाईने खोलात शिरू नका, बाहेरून आत या. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग स्पाईक गार्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून कॅबिनेटची वायर थेट भिंतीत लावा. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि काही यूपीएस मेलेल्या बॅटरीवर चालूच होत नाहीत. लोक तोवर कॉम्प्युटरला दोष देत बसतात. पॉवर केबलची शंका असेल तर मॉनिटरची काढून लावा. बऱ्याच मॉनिटरना तीच केबल असते.

एसएमपीएसच्या मागे एक छोटा काळा स्विच असतो. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. झाडताना, टेबल सरकवताना तो दाबला जातो. जुन्या एसएमपीएसना शेजारीच एक लाल सरकता स्विचही असतो, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. तो आपल्याकडे कायम २३० वरच हवा. ११५ वर करून वीज दिली तर फटाक्यासारखा आवाज होतो आणि एसएमपीएस तिथेच संपतो. घरात लहान मुलं असतील तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

एवढं करूनही शांतता असेल तर पत्रा काढा, पॉवर केबल परत लावा आणि हात न घालता नुसतं आत बघा. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा हिरवा किंवा पिवळा एलईडी असतो. बटण न दाबताही तो पेटलेला असेल, तर एसएमपीएसकडून ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डापर्यंत येतोय. अशा वेळी पहिला संशय समोरच्या बटणावर घ्या. दहा-बारा वर्षं दाबून त्याची पट्टी आत बसते. तपासायची युक्ती सोपी आहे. पॉवर केबल काढा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा झुपका असतो, त्यावर बटणाची दोन वायरींची पिन लागलेली असते. ती काढून त्याच जागी रिसेट बटणाची पिन लावा. आता वायर जोडून रिसेटचं बटण दाबा. मशीन सुरू झालं तर पॉवरचं बटणच खराब. नवीन बटण मिळेपर्यंत रिसेटच्या बटणाने वर्षानुवर्षं काम चालतं, त्यात काही धोका नाही.

एलईडी पेटत नसेल, किंवा बटण बदलूनही हालचाल नसेल, तर एसएमपीएस तपासायचा. केबल काढा, बोर्डावरचा २४ पिनांचा रुंद कनेक्टर खिटी दाबून सरळ वर ओढा आणि बाकीचे कनेक्टरही सोडवा. त्या रुंद कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी वायर यांच्या खाचांत वाकवलेली पेपर क्लिप घाला. क्लिप घातल्यावरच मेन केबल लावा आणि मागचा स्विच चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. नाही फिरला तर बहुधा गेला. ब्रँडेड मशीनमध्ये वायरींचे रंग आणि मांडणी वेगळी असू शकते, म्हणून ही चाचणी असेम्बल्ड मशीनवरच करा.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस धडधाकट आहे असं मात्र नाही. मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी तार काळ्या वायरीच्या खाचेत धरा आणि लाल तार एकेका रंगाला लावा. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. जांभळीवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट दिसतात, तोच तो स्टँडबाय पुरवठा. आकडे या मर्यादेबाहेर असतील तर एसएमपीएस बदला. बदलताना सगळ्यात स्वस्त, हाताला हलका लागणारा डबा उचलू नका. त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण आत तेवढा जीव नसतो.

आणखी एक लक्षण सांगतो, कारण ते नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकतं. सकाळी मशीन सुरूच होत नाही. पाच-सहा वेळा बटण दाबलं, दहा मिनिटं थांबलं, की अचानक सुरू होतं आणि मग दिवसभर नीट चालतं. हे एसएमपीएसमधले किंवा बोर्डावरचे कपॅसिटर वाळत चालल्याचं चिन्ह आहे. 'आता चालतंय ना' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

क्षणभर फिरून थांबतो किंवा सारखा चालू-बंद होतो

पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो, म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. आधी बाहेरून लावलेलं सगळं काढा: पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम. मग समोरच्या यूएसबी पोर्टांमध्ये टॉर्च मारून बघा. जोरात घातलेल्या पेन ड्राइव्हने आतली पांढरी जीभ तुटून पिना एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशा पोर्टची वायर बोर्डावरून काढली की मशीन लगेच सुरू झालेलं मी कितीदा पाहिलंय. बोर्डाखाली अडकलेला सुटा स्क्रूही हेच करतो. आणि आपल्या घरांमध्ये एसएमपीएसच्या जाळीतून पाल किंवा झुरळ आत जाऊन चिकटणं हीसुद्धा काही दुर्मीळ गोष्ट नाही. जळका, उग्र वास आला तर एसएमपीएस बदलून मोकळे व्हा.

मशीन एक-दोन मिनिटं चालून धाडकन बंद होत असेल तर गोष्ट उष्णतेची. प्रोसेसर फार तापला की स्वतःच बंद होतो. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः वाकळ तयार झालेली असते. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. ब्लोअरच्या हवेने पंखा गरगर फिरू देऊ नका, त्याचं बेअरिंग जातं. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एखादी निसटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि मशीन तापतं. चारही खुंट्या बोटाने चाचपून बघा.

कूलर काढायची वेळ आली तर खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. जुनी सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) कापडाने पुसा आणि नवीन पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, प्रोसेसरच्या मधोमध लावा. खुंट्या पुन्हा मूळ जागी फिरवून समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी एकदम दाबा. प्रोसेसर मात्र सॉकेटमधून काढू नका. या पिढीच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. एक जरी वाकली तर बोर्ड गेला.

पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त तक्रारी या अवस्थेच्या असतात आणि सगळ्यात जास्त मशीन इथेच चुकीने 'डेड' ठरवली जातात. म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी मॉनिटर. कॅबिनेटकडून येणारी केबल मॉनिटरच्या मागून काढा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी पाटी पडद्यावर आली तर मॉनिटर जिवंत आहे. निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर तिच्या पिना बघा. मधली एखादी वाकली की डिस्प्ले जातो किंवा रंग पिवळसर होतो. कॅबिनेटच्या मागे व्हीजीएच्या दोन जागा असतील, एक उभ्या रांगेत वर आणि एक खाली आडव्या कार्डावर, तर मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. केबल त्या कार्डावर लावा. साफसफाईनंतर डिस्प्ले गेला असेल तर बहुतेक वेळा केबल वरच्या जागी लागलेली असते.

मग कीबोर्ड. मशीन सुरू करून अर्धा मिनिट थांबा आणि नम लॉकची कळ दाबा. कीबोर्डवरचा दिवा पेट-विझ करत असेल, तर प्रोसेसर, रॅम, बायोस सगळे कामाला लागलेत आणि दोष डिस्प्लेच्या वाटेवर आहे. दिवा हलत नसेल तर मशीन त्याच्या आधीच अडलंय.

आता आत. प्रोसेसरजवळ चार पिनांचा छोटा चौकोनी कनेक्टर असतो, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या वायरींचा. प्रोसेसरला वीज तिथून मिळते. तो निसटला असेल तर बाकी सगळे पंखे मस्त फिरतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही. तो आणि २४ पिनांचा कनेक्टर, दोन्ही काढून घट्ट बसवा.

मग रॅम. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला, पट्टी कडांनी धरून सरळ वर काढा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, पट्टी आडवी ठेवा आणि खोडरबर वरून खाली, एकाच दिशेने फिरवा. काळपटपणा रबरावर उतरताना दिसतो. दुसरी बाजू तशीच घासा. रबराचे कण ब्रशने झटका, फुंकर मारू नका. तोंडातल्या वाफेने आपणच ओल आणतो. स्लॉटमधली धूळही कोरड्या ब्रशने काढा. हँड सॅनिटायझर वापरायचा मोह टाळा, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. दोन्ही खिट्ट्या आपोआप लागल्या पाहिजेत. एकच लागली तर पट्टी तिरकी बसली आहे.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. कंटाळवाणं आहे, पण खराब पट्टी आणि खराब स्लॉट यांतला फरक याशिवाय कळत नाही. नवी-जुनी रॅम आणणार असाल तर डीडीआर२ की डीडीआर३ हे आधी बघून जा. दोन्हींना २४० पिनाच असतात, पण खाचेची जागा वेगळी असते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. जी३१ बोर्डाला डीडीआर२ लागते, एच६१ ला डीडीआर३. जी४१ चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले होते, तेव्हा जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जा.

आणि आता तो बझर. बऱ्याच असेम्बल्ड कॅबिनेटमध्ये तो लावलेलाच नसतो. बोर्डावर 'स्पीकर' असं इंग्रजीत लिहिलेल्या चार पिनांवर तो बसतो. लावल्यावर सगळी रॅम काढून टाका आणि मशीन सुरू करा. बझर पुन्हा पुन्हा लांब वाजायला लागला तर आनंद माना. रॅम नाही ही तक्रार मशीन स्वतः करतंय, म्हणजे एसएमपीएस, प्रोसेसर आणि बायोस तिघेही जिवंत आहेत. रॅम काढूनही बझर मुका राहिला, तर दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा वीजपुरवठ्यात आहे. या एका चाचणीने लोकांचे पैसे वाचलेले मी पाहिलेत. रॅम लावल्यावर एकच आखूड बीप आला म्हणजे सगळं ठीक. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष. ब्रँडेड मशीनची बीपची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, ती मॉडेल नंबरावरून शोधावी लागते.

अजून डिस्प्ले नसेल तर सीमॉसचा सेल, म्हणजे बायोसच्या सेटिंग आणि तारीख-वेळ जपणारा सेल. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. पॉवर केबल काढलेली असताना सेल काढा, समोरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, दहा मिनिटं थांबा. बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि काही वेळा तेवढ्यानेच मशीन मार्गावर येतं. मल्टिमीटरवर सेल २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर नवीन घाला, अक्षरं छापलेली बाजू वर. दुकानदाराने सीआर२०२५ पुढे केला तर घेऊ नका. रुंदी तीच असली तरी तो पातळ असतो आणि सैल बसतो.

शेवटी टॉर्च घेऊन प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा, छोट्या उभ्या डब्या असतात त्या. त्यांचा माथा सपाट हवा. फुगून घुमटासारखा झाला असेल किंवा तपकिरी चिकट द्रव बाहेर आला असेल, तर डिस्प्ले न येण्याचं कारण सापडलं. २००० च्या दशकात सदोष कपॅसिटर जगभरच्या बोर्डांमध्ये गेले होते, त्यामुळे त्या काळातल्या मशीनमध्ये हे हमखास दिसतं. सोल्डरिंग येणारा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हे कपॅसिटर बदलून देऊ शकतो. त्याला तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा आणि कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावायला सांगा.

डिस्प्ले आला, पण विंडोज नाही

इथपर्यंत आलात म्हणजे मशीन वाचलंय. आता पडद्यावरचं वाक्य शब्दन्‌शब्द वाचा, फोटो काढा.

'सीमॉस चेकसम एरर', 'प्रेस एफ१ टू कंटिन्यू' असं असेल तर सेल संपला आहे. तो बदला आणि बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा. तारीख मागे गेलेली राहिली तर बँकेच्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणत उघडत नाहीत आणि माणूस इंटरनेट बंद आहे असं समजतो.

'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' किंवा 'डिस्क बूट फेल्युअर' असेल तर आधी पेन ड्राइव्ह आणि सीडी काढा. मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती पहिली करा. दिसत नसेल तर मशीन बंद करून साटाची पातळ केबल दोन्ही टोकांनी काढून लावा, दुसरी केबल, दुसरा पोर्ट करून बघा.

सेल बदलल्यानंतरच निळा पडदा यायला लागला आणि त्यावर शून्य-एक्सने सुरू होऊन ७बी ने संपणारा आकडा असेल, तर घाबरू नका. एच६१ सारख्या बोर्डांत साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई आणि एएचसीआय असा दोन प्रकारचा असतो. सेटिंग पुसल्यावर तो बदलतो आणि विंडोजला आपली डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये मोड उलटा करून बघा. हा दोष म्हणजे एका ओळीचं सेटिंग, आणि त्यावर लोक सर्रास फॉरमॅट करून घेतात.

विंडोज ७ चं चिन्ह येऊन अडत असेल तर सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि सेफ मोड किंवा 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' निवडा. विंडोज १० मध्ये सुरू होताना तीनदा मध्येच बंद केलं की दुरुस्तीचा पर्याय आपणहून समोर येतो.

पण डिस्कमधून ठराविक लयीत 'टक... टक... टक' असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. दुरुस्तीची कोणतीही आज्ञा चालवू नका, परत परत सुरू करून बघू नका. प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढतं. डिस्क काढून ठेवा आणि आतला मजकूर अमोल असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. पुरात बुडालेल्या मशीनचंही तसंच. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर 'वाळवलंय, आता लावून बघू' म्हणून वीज देऊ नका, हे जो भेटेल त्याला सांगावं लागत होतं.

फाइल आधी, मशीन नंतर

बोर्ड खरंच गेला तरी हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं असतं. चार स्क्रू काढले की डिस्क हातात येते. साटा ते यूएसबी अडॅप्टर लावून ती कुठल्याही लॅपटॉपला जोडता येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा अडॅप्टर स्वतःच्या वेगळ्या पॉवरचा घ्या. २००५ च्या आसपासच्या मशीनमध्ये रुंद चपट्या केबलची आयडीई डिस्क असेल, तिला वेगळा अडॅप्टर लागतो.

मराठी टायपिंग असलेल्या मशीनबाबत एक कळकळीची विनंती. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. नुसत्या फाइल कॉपी केल्या तर नव्या मशीनवर त्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसतात. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला 'फॉन्ट्स' हा अख्खा फोल्डरही सोबत उतरवून घ्या. सॉफ्टवेअरला डोंगल (ते चालायला पोर्टवर लावावी लागणारी किल्ली) लागत असेल तर तो मागच्या पोर्टवरून काढून डब्यात जपून ठेवा, भंगारवाल्याकडे कॅबिनेटबरोबर जाऊ देऊ नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डेटा फोल्डर वेगळा शोधा, तो 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये सहसा नसतो.

दुरुस्तीवर किती खर्च करायचा? सेल, बझर, थर्मल पेस्ट, रॅमची जुनी पट्टी, बरा एसएमपीएस, एवढ्यापर्यंत मी बिनधास्त 'करा' म्हणतो. बोर्डच बदलायची वेळ आली, तर या पिढीचा वापरलेला बोर्ड शोधण्यापेक्षा ते पैसे दुसऱ्या मशीनकडे वळवा. विंडोज ७ चं सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबलं, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर टायपिंग करा, गाणी ऐका, पण बँकेचे व्यवहार करू नका.

मशीन सुरू झालं की लगेच पत्रा लावू नका. अर्धा तास चालू ठेवा, पंखे नीट फिरताहेत ना, वायर कुठल्या पात्याला घासत नाही ना ते बघा. मग दोन वेळा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. गुरुजींच्या मशीनवर तो अर्धा तास आम्ही ओव्यांचा फोल्डर आणि फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवण्यात घालवला. निघताना पत्र्याच्या आतल्या बाजूला कागदाची एक चिठ्ठी चिकटवली: सेल बदलल्याची तारीख, रॅम साफ केल्याची तारीख, रॅमचा प्रकार आणि साटाचा मोड. पुढच्या वेळी पत्रा उघडणाऱ्याला, मग तो मी असो की आणखी कुणी, हे पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.